गर्भपिशवी काढली, तरी ओटीपोट का दुखतं?

माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या हातात बहुतेक वेळा साडीच्या दुकानाची एक जाड पिशवी असते. आत सोनोग्राफीचे कागद, रक्त-लघवीचे रिपोर्ट, एखादी एमआरआयची फिल्म, ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, आणि तळाशी गोळ्यांची रिकामी पाकिटं, डॉक्टरांना दाखवायला म्हणून जपून ठेवलेली. खुर्चीवर त्या नीट टेकून बसत नाहीत. एका बाजूवर भार टाकून, जरा तिरक्या बसतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, ओटीपोटाच्या दुखण्यावर काम करते. पिशवीतले रिपोर्ट बाहेर यायच्या आधी मला हे तिरकं बसणं दिसतं.

गेल्या पावसाळ्यात अशाच एक ताई आल्या. अंगणवाडी सेविका, वय ४१. दहा वर्षांपासून ओटीपोट दुखत होतं. पहिली दोन-तीन वर्षं अंगावर काढली. मग लघवीला जळजळ होते म्हणून अँटिबायोटिकचे कोर्स झाले, मग दुर्बिणीतून तपासणी झाली, शेवटी तीन वर्षांपूर्वी गर्भपिशवी काढली. चार महिने बरे गेले आणि दुखणं त्याच जागी परत आलं. घरचे म्हणायला लागले की हिच्या मनाचं आहे. ताई मला म्हणाल्या, "मॅडम, जी वस्तू आत राहिलीच नाही, ती दुखते कशी?"

हा प्रश्न मी इतक्या जणींकडून ऐकला आहे की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं.

बेंबीच्या खाली, दोन्ही खुब्यांच्या मधे, पुढे जांघेपर्यंत आणि मागे माकडहाडापर्यंतच्या भागात सहा महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट ओटीपोटदुखी म्हणतात. आपल्याकडे बायका नुसतं "खाली दुखतं" एवढंच सांगतात. त्या 'खाली'मध्ये लघवीची जागा येते, शौचाची जागा येते, संबंधांच्या वेळचं दुखणं येतं, कंबर येते. मला दरवेळी विचारावं लागतं, "ताई, खाली म्हणजे नेमकं कुठे? बोट ठेवून दाखवा." कित्येकींना हा प्रश्न दहा वर्षांत पहिल्यांदाच विचारला गेलेला असतो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

चाळीतला एकच फोन

ओटीपोटात दाटीवाटीनं बरंच काही आहे. मूत्राशय, गर्भाशय, बीजकोश, आतड्याचा शेवटचा भाग, आणि या सगळ्यांना खालून झोळीसारखे पेलून धरणारे स्नायू. जघनाच्या हाडापासून माकडहाडापर्यंत ताणलेल्या या झोळीला पेल्विक फ्लोअर म्हणतात. या सगळ्यांच्या नसा पाठीच्या कण्यात शिरतात त्या जवळजवळ एकाच ठिकाणी. जुन्या चाळीत सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एक फोन असायचा, तसा हा प्रकार आहे. घंटा वाजते, पण फोन कुणाचा हे कळत नाही. मेंदूला एवढंच कळतं की खालून तक्रार आली आहे. मूत्राशयाची तक्रार गर्भाशयाची वाटू शकते, स्नायूची तक्रार बीजकोशाची वाटू शकते. एका बिऱ्हाडात भांडण पेटलं की शेजारची दारंही उघडतात, तसं एका अवयवाचं दुखणं फार दिवस चाललं की शेजारचे अवयवही हुळहुळे होतात. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, असलेल्या बाईला वारंवार लघवीला का लागतं, किंवा पाळीच्या दिवसांत पोट का बिघडतं, याचं बरंचसं उत्तर यात आहे.

आता दुसरी गोष्ट. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. नसांचंही तसंच आहे. महिनोन्महिने दुखण्याचे निरोप वाहून त्या इतक्या सावध होतात की भरलेलं मूत्राशय, पोटातला गॅस, चालत्या एसटीतला धक्का अशा साध्या गोष्टींनाही धोका समजायला लागतात. १९८३ साली क्लिफर्ड वूल्फ या संशोधकानं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की इजेनंतर खुद्द मज्जारज्जूच जास्त संवेदनशील होतो, मग आधी न दुखणाऱ्या स्पर्शानंही दुखायला लागतं. म्हणजे मूळ कारण बरं झालं किंवा कापून टाकलं, तरी निरोप पोचवणारी यंत्रणा बिघडलेलीच राहू शकते.

यातलं काहीही सोनोग्राफीत दिसत नाही. पेटीचा फोटो काढला तर ती सुरात आहे की नाही हे फोटोवरून कळेल का? सोनोग्राफी आकार दाखवते, गाठ दाखवते, पाणी दाखवते. नसा कशा वागतात, स्नायू किती आवळलेला आहे, हे ती दाखवत नाही. दुर्बिणीतून आत पाहिलं तरी अशा दुखण्याच्या एक तृतीयांश ते निम्म्या बायकांमध्ये डोळ्यांना काही सापडत नाही. उलट काहींच्या पोटात एंडोमेट्रिओसिसचे भरपूर डाग असतात आणि त्यांना फारसं दुखत नाही. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थ 'दुखणं खोटं' असा काढणं शास्त्राला धरून नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, जुनाट वेदना हा स्वतःच एक आजार म्हणून नोंदला आहे. घरात कुणी "मनाचं आहे" म्हणत असेल तर त्यांना हे सांगा. मनाचा भाग असतोच. रात्र-रात्र झोप नसलेल्या, कुणी विश्वास न ठेवलेल्या बाईचं मन ताजंतवानं कसं असेल? आणि मन खचलं, झोप गेली की नसा आणखी चिडतात, हेही खरं. पण म्हणून दुखणं मनात जन्मलं असं होत नाही.

बीडमध्ये काय झालं

याचं मोठं आणि दुःखद उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं उघड झालं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून जास्त बायका होत्या, आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. कित्येक जणी तिशीतल्या. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, पाळीत खाडा होतो, अशा तक्रारींवर थेट ऑपरेशन. पुढे ५ एप्रिल २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात असा आदेश दिला.

गर्भपिशवी काढणं नेहमीच चूक असतं असं मी म्हणत नाही. कर्करोग, आटोक्यात न येणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, ॲडेनोमायोसिस (गर्भाशयाचं आतलं अस्तर त्याच्या भिंतीत वाढण्याचा आजार), यांत त्या ऑपरेशननं बाईचं आयुष्य सुधारतं. माझं म्हणणं दुखण्यापुरतं आहे. दुखणं मूत्राशयाचं, स्नायूचं किंवा नसेचं असेल तर पिशवी काढून ते जाणार नाही. चार महिने जे बरं वाटतं त्यात सक्तीच्या विश्रांतीचा वाटा किती, हाही विचार करण्यासारखा आहे. ऊस तोडणारी, मोळ्या वाहणारी बाई एरवी दोन महिने कधी निजून राहते?

म्हणून एक उपचार फसला की लगेच त्याहून मोठा उपचार शोधू नका. आधी विचारायचं, की आतापर्यंत काय तपासलंच नाही?

कधी कधी मूळ आजारच हुकलेला असतो. एंडोमेट्रिओसिस हा प्रजननवयातल्या साधारण दहा टक्के बायकांना असतो, आणि त्याचे बारीक डाग साध्या सोनोग्राफीत दिसत नाहीत. पिशवी काढली तरी हे डाग बीजकोशावर, आतड्यावर, पोटाच्या अस्तरावर राहू शकतात. आपल्या देशात जननमार्गाचा क्षयरोगही विसरून चालत नाही. ऑपरेशनच्या टाक्यांजवळ एखादी छोटी नस अडकलेली असते. तिच्यासाठी एक सोपी तपासणी आहे. उताणं झोपायचं, दुखऱ्या बिंदूवर बोट दाबून ठेवायचं आणि डोकं वर उचलायचं. दुखणं वाढलं तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतलं आहे, आतल्या अवयवातलं नाही. कार्नेट नावाच्या सर्जननं १९२६ मध्ये ही खूण सांगितली. तिला एक रुपया लागत नाही, तरी ती सहसा कुणी करत नाही. अशा अडकलेल्या नसेला भूल देणारं इंजेक्शन नेमक्या जागी दिलं की काही जणींची वर्षांची कळ त्याच दिवशी हलकी होते.

लघवीला जळजळ होते, पण कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, जंतू येत नाहीत, असं तीन-तीनदा झालं असेल तर चौथ्या अँटिबायोटिकचा उपयोग नाही. मूत्राशयाच्या दुखण्याचा तो वेगळा आजार असू शकतो. मूत्ररोगतज्ज्ञ त्यावर वेगळे उपाय करतात.

मूठ आवळून बघा

आता स्नायूंबद्दल, कारण हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे आणि माझा रोजचा आहे. उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा आणि हे पुढचं सगळं वाचून होईपर्यंत तशीच ठेवा. बोटं पांढरी पडतील, मनगटापर्यंत कळ येईल. हाताला कुठलाही रोग नाही, तरी तो दुखेल. पेल्विक फ्लोअरचे स्नायू काही बायकांमध्ये असे वर्षानुवर्षं आवळलेले असतात, आणि त्यांना ते माहीतही नसतं.

ते का आवळतात? दुखण्याला घाबरून शरीर आपोआप आक्रसतं, हे एक कारण. अवघड बाळंतपण, बद्धकोष्ठता, संबंधांच्या वेळी सोसलेलं दुखणं, काही जणींच्या बाबतीत लहानपणचा किंवा लग्नातला अत्याचार, ही आणखी कारणं. आणि एक कारण जे रिपोर्टात कधीच लिहिलेलं नसतं. त्या ताईंना मी विचारलं, दिवसातून किती वेळा लघवीला जाता? त्या म्हणाल्या, सकाळी निघताना एकदा आणि घरी परतल्यावर. अंगणवाडीत संडास नाही. म्हणून पाणीच पीत नाहीत. वर्षानुवर्षं रोज इतके तास त्या स्नायूंनी दार लावून धरलं होतं. शेतावर जाणाऱ्या, बाजारात बसणाऱ्या, एसटीनं लांब नोकरीला जाणाऱ्या किती बायकांचं हे असंच आहे! सार्वजनिक संडासात घाणीमुळे अधांतरी वाकून लघवी केली तरी हे स्नायू नीट सैल होत नाहीत.

तपासताना मी आधी श्वास पाहते. ताई पोट आत ओढून, वरवरचा श्वास घेत होत्या. मग त्यांची परवानगी घेऊन, हातमोजा घालून, एका बोटानं आतले स्नायू तपासले. ज्यांना ही तपासणी नको असते त्यांची बाहेरूनच करते, आणि मधेच थांबा म्हटलं की थांबते. उजव्या बाजूच्या एका स्नायूवर हलकं दाबलं तेव्हा ताई एकदम म्हणाल्या, "हेच! हेच ते!" आणि रडायला लागल्या. दहा वर्षांचं दुखणं बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर सापडलं होतं. मीही क्षणभर गप्प बसले.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. 'खाली दुखतं' म्हटलं की मोबाइलवर सगळीकडे केगेल व्यायाम सांगतात, म्हणजे स्नायू आवळून सोडणं. डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ते मांडले ते बाळंतपणानंतर सैल झालेल्या स्नायूंसाठी. आधीच आवळलेल्या स्नायूला पुन्हा आवळायला लावलं तर दुखणं वाढतं. तुमची मूठ अजून आवळलेली आहे ना? ती आणखी आवळून बरी वाटेल का? सोडा आता, आणि बोटं उघडताना काय वाटतं ते बघा.

अशा स्नायूंना सोडायला शिकवावं लागतं. उताणं झोपून गुडघे वाकवायचे, एक हात छातीवर, एक पोटावर. श्वास घेताना पोट वर येऊ द्यायचं आणि खालची झोळी सैल होऊन खाली उतरते आहे असं जाणवू द्यायचं. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. बालासन, भिंतीला पाय टेकवून पडणं, उकिडवं बसणं झेपत असेल तर तेही. सोबत फिजिओथेरपिस्टच्या हातानं दुखऱ्या गाठी सैल करणं. मूत्राशयदुखी असलेल्या ८१ बायकांवर उत्तर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात अशा नेमक्या उपचारानं ५९ टक्के जणींना फरक पडला, तर नुसत्या सर्वसाधारण मसाजनं २६ टक्के जणींना. प्रत्येकीला गुण येईल असं हे नाही, पण कापाकापी न करता येणारा गुण म्हणून तो मला मोठा वाटतो.

पुरुषांनाही हे दुखणं होतं आणि ते बायकांपेक्षाही कमी बोलतात. वृषण, जांघ, गुदद्वाराच्या पुढची जागा दुखते, वीर्य जाताना कळ येते, आणि चिठ्ठीवर 'प्रोस्टेटायटिस', म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीची सूज, असं लिहून अँटिबायोटिक सुरू होतं. त्यातल्या दहापैकी नऊहून जास्त पुरुषांना जंतूसंसर्ग नसतोच. आवळलेले स्नायू आणि हुळहुळ्या नसा हीच गोष्ट तिथेही असते.

गोळ्यांबद्दल

मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी आणून रोज घेणाऱ्या खूप जणी मला भेटतात. पाळीच्या दोन-तीन दिवसांपुरत्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ठीक आहेत. महिनोन्महिने रोज घेतल्या तर पोटात अल्सर होऊ शकतो, किडनीवर ताण येऊ शकतो, आणि नसांच्या दुखण्यावर त्यांचा फारसा परिणाम होतही नाही.

नसा शांत करायला डॉक्टर ॲमिट्रिप्टिलिनसारखी गोळी देतात, रात्री १० मिलिग्रॅमसारख्या छोट्या मात्रेपासून. मग कुणी मोबाइलवर बघतं, तिथे 'डिप्रेशनची गोळी' असं लिहिलेलं असतं, आणि बाई दुखावते. "डॉक्टरांनी मला वेडी ठरवलं." असं समजू नका. त्या छोट्या मात्रेत ती नसांच्या दुखण्यासाठीच असते. गुण यायला काही आठवडे लागतात. तोंड कोरडं पडतं, सकाळी गुंगी राहते, शौचाला कडक होतं. तसं झालं तर डॉक्टरांना सांगायचं, आपल्या मनानं बंद करायची नाही. नसांच्या दुखण्यावरचं दुसरं औषध, गॅबापेंटिन, मात्र सरसकट सगळ्यांना देण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये ३०६ बायकांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जिथे दुर्बिणीतून कारण सापडलं नव्हतं अशा ओटीपोटदुखीत, ते खोट्या, म्हणजे आत औषध नसलेल्या, गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, त्रास मात्र जास्त झाला. तिथल्याच ४८७ बायकांवरच्या, २००९च्या चाचणीत दुर्बिणीतून गर्भाशयाच्या मागच्या नसा जाळण्याचाही उपयोग दिसला नव्हता. कुणी अजून तो उपाय सुचवत असेल तर हे विचारायला संकोच करू नका.

एंडोमेट्रिओसिस असेल तर पाळी थांबवणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचं, संप्रेरक सोडणारं 'मिरेना' हे छोटं साधन, आणि गरज पडली तर त्याच आजाराची सवय असलेल्या सर्जनकडून ऑपरेशन, हे उपाय आहेतच. ते आणि स्नायूंचं काम एकमेकांच्या आड येत नाहीत. नसांना इंजेक्शन देण्याचं काम भूलतज्ज्ञ करतात. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत बऱ्याच ठिकाणी भूलशास्त्र विभागाची वेदना ओपीडी चालते, हे लोकांना माहीत नसतं. तिथे चौकशी करा.

गरम पाण्याच्या पिशवीनं आराम पडतो, जरूर घ्या. पण खूप गरम पिशवी रोज तासन्‌तास ठेवली तर ओटीपोटावर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. मी कपडा बाजूला केल्यावर असे डाग दिसले की ही बाई किती रात्री जागली असेल ते कळतं. मधे टॉवेल ठेवा, वीस मिनिटं पुरे.

मात्र जुनं दुखणं म्हणून प्रत्येक नवी गोष्ट त्याच्या खात्यावर टाकू नका. पाळी कायमची गेल्यावर रक्त जाणं, लघवीतून किंवा शौचातून रक्त, वजन उतरणं, ताप, पाळी चुकलेली असताना एकाएकी आलेली जोराची कळ, लघवी अडकणं, किंवा बसण्याच्या जागेला बधिरपणा, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

डॉक्टरकडे जाताना रिपोर्टांची सगळी पिशवी रिकामी करण्यापेक्षा एका वहीत महिनाभराची नोंद न्या. कोणत्या दिवशी किती दुखलं, पाळी कधी, लघवीला किती वेळा, शौच कसं, झोप किती, संबंधांनंतर दुखतं का, बसल्यावर वाढतं की चालल्यावर. संबंधांच्या वेळचं दुखणं ताईंनी मला तिसऱ्या भेटीत सांगितलं, तेही दाराकडे बघत, हळू आवाजात. नवऱ्यासाठी दात-ओठ खाऊन सोसत होत्या. त्या सोसण्यानं स्नायूंची आवळण्याची सवय आणखी पक्की होते, म्हणून काही काळ थांबायला सांगितलं. चौथ्या भेटीला त्यांच्या नवऱ्याला सोबत बोलावलं. ते एवढंच म्हणाले, "मला वाटलं, हिला मी नकोसा झालोय."

सात-आठ महिने झाले. ताईंचं दुखणं गेलेलं नाही. दहापैकी आठ असायचं, आता बहुतेक दिवस तीनच्या आसपास असतं. दिवाळीत दोन दिवस बरं वाटलं म्हणून माळ्यावरचे डबे काढून सगळं घर एका दमात झाडलं आणि पुढचे चार दिवस अंथरुणात गेले. हे जवळपास प्रत्येकीचं होतं. बऱ्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकायची आणि मग पडून राहायचं. आता त्या एका दिवशी एकच खोली घेतात. दुखणं उफाळलं तर श्वासाचा व्यायाम, शेक, दोन दिवस हलकं काम, आणि आठवड्यात उतरलं नाही तरच फोन.

अंगणवाडीला संडास अजून झालेला नाही. शेजारच्या आजींना त्यांनी विचारलं, आजी हो म्हणाल्या. आता ताई बाटलीभर पाणी पितात आणि दर तीन तासांनी मुलांना मदतनीस बाईंजवळ सोडून आजींकडे जाऊन येतात.